वार अडविल्यानंतर

आखाड्यांत लाठी किंवा फरी-गदगा नुकताच शिकूं लागलेल्या मुलास पहिला वार अडविला कीं धन्यता वाटते, आणि त्याच क्षणीं तो दुसऱ्या वारास बळी पडतो. वार अडविणें ही बचावाची अर्धी विद्या होय. त्यानंतर आपण कोठें व कसे उभे आहों हें ओळखणें ही उरलेली अर्धी.

ह्या ओळखीचीं अंगें तीन. पहिलें, आपले पाय. पेण-रोह्याकडील मुलांस हें निराळें सांगावयास नको. आषाढांत खाचराच्या निसरड्या बांधावर एक पाऊल ठरल्यावांचून दुसरें कोणी उचलीत नाहीं. धक्क्यानें पाय जुळले किंवा अंग मागें कललें, तर हातांतील लाठी व्यर्थ होय. दुसरें, प्रतिपक्षाचे हात. उजव्या हातानें वार करणाऱ्याच्या समोरच राहिलों, तर त्याचा डावा हातही आपणांस गांठतो. त्याच्या उजव्या खांद्याच्या बाहेर सरलों, तर त्यास सारें अंग वळवावें लागतें व तेवढा अवसर आपणांस मिळतो. तिसरें, सभोंवार. दुसरा कोणी चालून येतो काय? निघून जाण्यास वाट कोणती?

ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं घडलेला प्रसंग आठवा. अफजलखानानें महाराजांची मान काखेंत दाबून कट्यार चालविली, ती चिलखतानें अडली, असें बखरी सांगतात. परंतु चिलखतानें वार अडला, पकड सुटली नव्हती. हें जाणून महाराजांनीं तत्काळ प्रतिकार केला. पुढें सय्यद बंडा धांवून आला, तेव्हां जिवा महालानें त्याचा हात छाटला. आपल्या बाजूस कोण उभा आहे, हाही स्थितीचाच भाग होय.

अभ्यास असा करावा: गुरूनें हळू वार करावा, शिष्यानें तो अडवून तसेंच स्तब्ध राहावें व पाय, हात, सभोंवार ह्यांविषयीं उत्तरें द्यावीं. सराव होईल तसतसें थांबणें कमी करावें.

पालकांनींही एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवावी. वार अडविल्यावर प्रतिपक्ष मागें सरला असेल व वाट मोकळी असेल, तर पुढें उगारलेला हात बचावाचा नव्हे, सूडाचा होय. ज्यास आपली स्थिति ओळखतां येते, त्यास हात आवरण्याची वेळही ओळखतां येते.