वाढत्या वयातील अपघात, भरपाईचा दावा आणि आपला कागद

पुणे-बेंगळूरु महामार्गावर किंवा चोर्ला घाटात मोटारीच्या अपघातात सापडलेले मूल आपल्यासमोर येते, तेव्हा जीव वाचविणे हेच आपले पहिले कर्तव्य असते. मूल घरी गेल्यावर मात्र त्याच्या आईवडिलांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. प्रौढाच्या दाव्यात पगाराचा दाखला असतो, धंद्याचे हिशेब असतात. मुलाच्या बाजूने बोलणारे असते ते मुख्यतः आपले डिस्चार्ज कार्ड. म्हणून या विषयावर एका बालरोगतज्ज्ञाने लिहिणे वावगे ठरू नये.

मुलाची इजा अपघाताच्या दिवशी पूर्ण होत नाही, ती त्याच्याबरोबर वाढते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेटमधून होते, म्हणजे वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर. सहा वर्षांच्या मुलाची ही प्लेट चिरडून कायमची बंद पडली, तर उंची वाढणे थांबेपर्यंत तो पाय आठ-नऊ सेंटिमीटरने आखूड राहू शकतो. प्लास्टर काढते वेळी एक्स-रे मात्र समाधानकारक दिसतो. मेंदूचेही तसेच. चार वर्षांच्या मुलाच्या फ्रंटल लोबला मार बसला, तरी महिन्याभरात ते चालते, बोलते, खेळते. लक्ष टिकवणे, कामाचा क्रम लावणे, राग आवरणे या गोष्टी शाळेने मागितल्याखेरीज उणीव कळत नाही आणि ती मागणी तिसरी-चौथीत येते. लहान मेंदू सारे भरून काढतो, हा आपल्यातील जुना समज आता टिकणारा नाही.

कायद्याची चाल नेमकी उलट आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ खालील दाव्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पालकांनी त्या भरवशावर न राहता वेळेत अर्ज करावा, हे उत्तम. शिवाय एकदा अंतिम निवाडा झाला की पुढे उद्भवलेल्या व्यंगासाठी वाढीव भरपाई देण्याची तरतूद कायद्यात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले. लोकअदालतीतील तडजोडीवर तर अपीलही नाही. आपण उत्साहाने लिहिलेला ‘पूर्ण बरा’ हा शेरा विमा कंपनीचा वकील मोठ्याने वाचून दाखवितो, तो या टप्प्यावर.

यात रक्कम किती गुंतलेली असते? बारा वर्षांच्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एक कोष्टक घातले. उपचार व परिचारकाचा खर्च वेगळा धरून, संपूर्ण शरीराचे अपंगत्व १० टक्क्यांपर्यंत असल्यास १ लाख, ३० पर्यंत ३ लाख, ६० पर्यंत ४ लाख, ९० पर्यंत ५ लाख आणि त्यावर ६ लाख. नऊ आणि अकरा टक्क्यांत दोन लाखांचे अंतर पडते, हे प्रमाणपत्र भरताना ध्यानात असावे. पुढे २०२० मध्ये मेंदूच्या इजेने शंभर टक्के अपंग झालेल्या हरियाणातील एका मुलीस ६२ लाख २७ हजार रुपये मिळाले. त्यात जन्मभर लागणाऱ्या दोन परिचारकांचा खर्च धरलेला होता. सप्टेंबर २०२५ च्या निकालात गुजरातमधील आठ वर्षांच्या मुलाचे उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके धरण्यात आले.

तेव्हा लिहावे काय? ग्रोथ प्लेटला इजा आहे किंवा संशय आहे हे स्पष्ट शब्दांत, सॉल्टर-हॅरिस प्रकारासह लिहावे व ‘वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी आवश्यक’ असे जोडावे. बेशुद्धी किती तास होती, झटके कधी आले, पोटावर सीटबेल्टचा वळ होता काय, याची नोंद पहिल्याच दिवशी व्हावी. डोक्याच्या इजेत बुद्धिमापन करून घ्यावे व काही काळाने पुन्हा करावे. त्यासाठी वापरली जाणारी बिने-कामत चाचणी आपल्या शेजारच्या धारवाडात मराठी व कन्नड मुलांसाठीच बसविली गेली, हे तरुण सहकाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. टक्केवारी अवयवाची की संपूर्ण शरीराची, हे लिहिल्यावाचून सही करू नये. कमाईवर होणारा परिणाम ठरविणे हे न्यायाधिकरणाचे काम. २०१० च्या निवाड्याने ती सीमा आखून दिली आहे.

सीमाभागात आणखी एक अडचण. अपघात चंदगडला किंवा गोव्यात, उपचार बेळगावात, म्हणून पालक दोन राज्यांत हेलपाटे घालतात. वस्तुतः अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो. मुलाचे नाव मात्र मराठी जन्मदाखल्यावर, कन्नड पोलीस कागदावर आणि आपल्या इंग्रजी केसपेपरवर तीन तऱ्हांनी उमटते. दाखल करतानाच आधार कार्डावरून ते उतरवून घ्यावे.

राहिला साक्षीचा प्रश्न. दिवस वाया जातो या भीतीने आपल्यातील अनेक जण समन्स टाळतात. त्याच २०१० च्या निवाड्यात डॉक्टरांना निश्चित वेळ द्यावी, ताटकळत ठेवू नये आणि शक्य तेथे कमिशनमार्फत साक्ष नोंदवावी, अशा सूचना न्यायाधिकरणांना दिलेल्या आहेत. समन्स आल्यावर वकिलामार्फत अशी वेळ मागून घेता येते.