अण्णांशी भांडू नकोस

चि. मुक्ता,



काल फोनवर रडकुंडीला आली होतीस. अण्णांना दोन तास समजावलंस, आकडे दाखवलेस, शेवटी ते म्हणाले, "तुलाही त्यांनीच पढवलंय." लशीतून अंगात चिप घालतात, ही समजूत तसूभर हलली नाही. "शिकलेला माणूस असा कसा रे मामा?" म्हणालीस.

यावरून मला मुंबईच्या प्लेगची हकिगत आठवते. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत तो ओळखला. थोड्याच दिवसांत आवई उठली की इस्पितळात माणसं मारतात, प्रेतं उलटी टांगून अंगातलं तेल, म्हणजे मोमियाई काढतात. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

ही माणसं वेडी नव्हती. आत नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रोगच जीवघेणा, आणि रोगी पोचायचा तो शेवटच्या घटकेला. पण हे त्यांना आपलं वाटेल अशा कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय रोगावर राग काढता येत नाही; मारेकरी सापडला की निदान कुणाला धरायचं ते कळतं. पुढे पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर झडतीसाठी घरात शिरले आणि संशयाला खतपाणीच मिळालं.

अशा कथेची खोच ही, की तिच्याविरुद्धचा पुरावाही तिच्याच पदरात पडतो. आकडे कुणाचे? 'त्यांचेच'. तू जितकी भांडलीस, तितकी अण्णांना 'त्यांची' वाटलीस.

त्या प्लेगात हाफकिन यांनी जानेवारी १८९७मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः मुलगा यशवंतच्या दवाखान्यात नेत राहिल्या आणि १० मार्चला प्लेगानेच गेल्या. विश्वास असा कमवावा लागतो.

आजी गेली तेव्हा तू हॉस्टेलवर होतीस. दोन दिवस अण्णा अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसून होते. कुणी धड बोललं नाही. बिल मात्र वेळेवर आलं. चिपची गोष्ट त्यांना नंतर मोबाइलवर मिळाली. संशय त्या बाकावरच रुजला होता.

पण म्हणून खोट्याला मान डोलावू नकोस. खोट्याने जीवही जातात. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर जमावाने पाच निरपराध माणसं ठेचून मारली. चूक ती चूकच म्हण. पण एकांतात म्हण. चारचौघांत हरायला सत्तरीतला माणूस तयार होत नाही.

रविवारी ये. आकड्यांचे कागद आणू नकोस. आजीच्या त्या दोन दिवसांबद्दल विचार आणि मध्ये न बोलता ऐक. लशीचा विषय तू काढू नकोस. तू घेतलीस तेव्हा दंड दुखला का, असं ते आपणहून विचारतील, तोवर थांब.

तुझा,
मामा