‘त्यांना सांगू नका’ म्हणण्यापूर्वी

कॅन्सरच्या ओपीडीत एक गोष्ट रोज घडते. पेशंट वजन करायला किंवा रक्त द्यायला बाहेर जातो आणि मुलगा, सून किंवा धाकटा भाऊ दोन पावलं मागे राहतो. दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणतो, ‘डॉक्टर, त्यांना काही बोलू नका. साधी गाठ आहे, औषधांनी विरघळेल, एवढंच सांगितलंय. खरं कळलं तर खचतील.’ डॉक्टर मान हलवतात, कारण बाहेर रांग असते आणि नातेवाइकांशी वाद घालायला वेळ नसतो. तेव्हापासून आजाराची खबर सगळ्या घराला असते, ज्याला आजार झालाय त्याला सोडून. ही विनंती प्रेमापोटीच केलेली असते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही डॉक्टर, पेशंट आणि घरचे यांच्यातल्या संवादावर मानसशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी गेली साठ वर्षं जे काम केलंय, ते वाचून माझं मत पक्कं झालंय: ही विनंती करू नये, आणि केली असेल तर मागे घ्यावी.

पहिला प्रश्न साधा आहे. लपवलेलं लपतं का? बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोघा अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या इस्पितळांमध्ये मरणासन्न रुग्णांभोवतीचे व्यवहार जवळून पाहिले आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: सुरुवातीला पेशंटला खरंच काही ठाऊक नसतं, मग त्याला संशय येतो, आणि पुढे बरेचदा अशी अवस्था येते की पेशंटलाही कळलेलं असतं, घरच्यांनाही कळलेलं असतं, आणि दोन्ही बाजू काहीच माहीत नसल्यासारखं वागत राहतात. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांमध्ये हेच पाहिलं. त्यांचं पुस्तक १९७८ चं. कुणीही न सांगता ही मुलं आपल्या आजाराबद्दल शिकत गेली. दवाखान्यात भेटणारी दुसरी मुलं, औषधं, मोठ्यांचे उतरलेले चेहरे यांवरून त्यांनी आपण मरणार हेही ओळखलं. आणि मग आईबाबांना त्रास होऊ नये म्हणून तीही गप्प राहिली. शाळेत जाऊ लागलेल्या मुलांना जे कळतं, ते साठ वर्षांच्या माणसाला कळणार नाही असं आपण कशाच्या आधारावर मानतो? महाराष्ट्रात तर परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव काढलं की कोकणातल्या वाडीपासून विदर्भातल्या खेड्यापर्यंत सगळ्यांना एकच आजार आठवतो. तिथल्या बाकावर शेजारी बसलेला माणूस डोक्याला रुमाल बांधून आपल्या केमोच्या हकिकती सांगत असतो, ‘लाइट’ म्हणजे रेडिएशन घ्यायची तारीख विचारत असतो. फाईल पेशंटच्याच मांडीवर असते. अशा ठिकाणी बसवून ‘साधी गाठ आहे’ म्हटल्याने आजाराची बातमी लपत नाही. पेशंटला तेवढं कळतं की याबद्दल घरात बोलायचं नाही.

म्हणून मला नुकसान वाटतं ते या गप्प बसण्याचं. ज्या माणसाला सर्वांत जास्त बोलायचं असतं, त्यालाच बोलायला कुणी उरत नाही. बँकेचं खातं, जमिनीची खातेफोड, धाकटीचं लग्न, कुणाशी राहून गेलेलं बोलणं, फार दुखू लागलं तर काय करायचं, यांतलं काही विचारायचं म्हटलं तरी आपल्याला कळलंय हे उघड होणार. घरच्यांचीही सुटका नसते. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुपितांवर केलेल्या संशोधनात असं आढळलं की समोरच्यापासून प्रत्यक्ष लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात; माणूस एकटा असताना ते गुपित पुन्हा पुन्हा मनात येतं आणि त्याचाच त्रास जास्त होतो. स्वीडनमधला एक अभ्यास मला या सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. कॅन्सरने मूल गमावलेल्या आईबापांना संशोधकांनी विचारलं की मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होता का, आणि आज त्याबद्दल काय वाटतं. जे १४७ जण बोलले होते, त्यांतल्या एकालाही पश्चात्ताप झालेला नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना, म्हणजे चौघांतल्या एकाहून जास्त जणांना, बोलायला हवं होतं असं वाटत होतं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘पण खरं कळल्यावर माणूस खचला तर?’ ही भीती खोटी नाही. वाईट बातमी ऐकून माणूस रडतो, काही दिवस जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. प्रश्न पुढचा आहे. अमेरिकेत कॅन्सर पुढच्या टप्प्याला गेलेल्या ३३२ पेशंट आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १२३ जणांशी डॉक्टर शेवटच्या काळाबद्दल बोलले होते. बोलणं झालेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं. शेवटच्या दिवसांत व्हेंटिलेटर आणि आयसीयू मात्र त्यांच्या वाट्याला कमी आले, आणि ज्यांच्यावर असे उपचार झाले त्यांच्या नातेवाइकांना नंतर नैराश्य येण्याचा धोका जास्त दिसला. हे निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. मनाने खंबीर पेशंटशीच डॉक्टर बोलले असतील, ही शक्यता उरते. तरीसुद्धा ‘बोललं की माणूस कोसळतो’ या समजाला त्यातून आधार मिळत नाही. आणि पेशंटला स्वतःला काय हवं असतं? ब्रिटनमध्ये २,३३१ कॅन्सर पेशंटना हे विचारलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. आपला आजार कॅन्सर आहे की नाही हे कळायला हवं असं ९८ टक्क्यांनी सांगितलं. चांगली-वाईट सगळी माहिती हवी असं ८७ टक्क्यांनी सांगितलं.

यावर हमखास येणारं उत्तर असं: ते तिकडचे लोक, आपल्याकडे कुटुंब एकत्र निर्णय घेतं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आजारपणात आपली कुटुंबं जे करतात त्याला तोड नाही. पण ‘तिकडचे’ नेहमीच तसे होते का? १९६१ मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान पेशंटला सांगायचं टाळत होते. कारण विचारल्यावर त्यांनी आशा टिकवण्याचंच नाव घेतलं, अगदी आपल्या केबिनमध्ये ऐकू येतं तसं. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये तीच प्रश्नावली पुन्हा वापरली गेली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत कुठल्या समाजाची संस्कृती मुळापासून बदलत नाही. उपचार सुधारले, पेशंटच्या हक्कांची जाणीव वाढली आणि डॉक्टरांची सवय बदलली. आपल्याकडचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने आईने दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरेशी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलाय. शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायची मुभा त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. ज्याला आपला आजारच माहीत नाही, तो असं काही लिहिणार कसा? एकत्र निर्णय घ्यायचा तर ज्याच्याबद्दल निर्णय आहे तोही त्या बैठकीत हवा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. काही माणसांना खरोखर ऐकायचं नसतं. ‘तुम्ही बघा काय ते, मला विचारू नका,’ असं म्हणणारे आजी-आजोबा आपल्या घरांत आहेत आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी म्हटलेलं हवं, आपण गृहीत धरलेलं नको. म्हणून विचारायची वेळ रिपोर्ट येण्याआधीची आहे. बायोप्सी ठरली की त्याच संध्याकाळी, घरी, निवांत विचारावं: ‘बाबा, रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांकडून तुम्ही स्वतः ऐकणार, की आधी आम्ही ऐकू?’ तेव्हा निकाल कुणालाच माहीत नसतो, त्यामुळे प्रश्नात दडपण नसतं आणि खोटं बोलायची वेळही आलेली नसते. उत्तर काहीही येवो, ते डॉक्टरांना कळवावं. केबिनमध्ये डॉक्टरांसमोरची खुर्ची पेशंटची असावी. घरच्यांनी शेजारी बसावं. आणि पेशंटआड डॉक्टरांना गाठायचं नाही, एवढं पथ्य सगळ्या भावंडांनी पाळावं. एक जण पाळतो आणि दुसरा गुपचूप फोन करतो, तिथे सगळं बिनसतं.

सांगायचं म्हणजे एका दमात सगळं ओतायचं, असा अर्थ कुणी घेऊ नये. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो, असं या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २००३ च्या लेखात म्हटलंय. आणि घाबरलेल्या मनात तर आणखी कमी उरतं. म्हणून आधी विचारावं, ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?’ बरेचदा पेशंट स्वतःच तो शब्द उच्चारतो. मग थोडं सांगावं, थांबावं, आणि काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावं. हे फार थोडे डॉक्टर करतात. सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेहाच्या पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात नव्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टींबाबत डॉक्टरांनी अशी खातरजमा केली होती, आणि ज्यांच्याबाबत केली त्यांची साखर जास्त आटोक्यात होती. ‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’ असं डॉक्टर म्हणतील. आपल्या सरकारी दवाखान्यांतली गर्दी पाहता ते म्हणणं रास्तच आहे. पण पेशंटला बोलू दिलं तर तो तासभर बोलत बसेल, ही भीती अनाठायी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासल इथे डॉक्टरांनी मध्ये न बोलता पेशंटना बोलू दिलं आणि घड्याळ लावलं. ३३५ पेशंटनी सरासरी ९२ सेकंद घेतले.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. दार लोटून नातेवाईक ती विनंती करतात तेव्हा नुसती मान हलवू नये. त्यांना कसली भीती वाटतेय ते विचारावं, आणि मग सांगावं, ‘मी आपणहून काही बोलणार नाही, पण त्यांनी मला थेट विचारलं तर खोटं सांगणार नाही.’ या एका वाक्यात घरच्यांचा मान राहतो आणि पेशंटचाही. असं बोलणं अनुभवाने आपोआप येतं, हा समज मात्र सोडावा. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफील्ड यांनी १६० कॅन्सरतज्ज्ञांवर केलेल्या प्रयोगात प्रशिक्षण घेतलेल्यांचं बोलणं सुधारलं; तो प्रयोग २००२ चा. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता आणि संवाद हे विषय आलेत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आणि ज्यांच्या घरी महिनोन्महिने ‘साधी गाठ’ चालू आहे, त्यांनी काय करावं? एकदम कबुलीजबाब देण्याची गरज नाही. पुढच्या वेळी आई ‘हे नेमकं कशाचं औषध रे?’ असं विचारेल, तेव्हा विषय बदलू नये. ‘तुला डॉक्टरांना विचारायचंय का? मी बरोबर येतो,’ एवढं म्हणावं. तिने ‘हो’ म्हटलं तर जायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून आपण आधी केलेली विनंती मागे घ्यावी. भेटीची वेळ शक्यतो ओपीडी संपतानाची मागावी, म्हणजे आईला प्रश्न विचारायला उसंत मिळेल.