प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हावयाचे, तर अभ्यास कोठून सुरू करावा?

२००३ साली पूर्व निमाडातून वेगळ्या झालेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात तापीकाठी केळीच्या बागा आहेत, शहरात यंत्रमाग आहेत आणि सातपुड्याच्या रांगांत, नेपानगर-खकनारकडे, बारेला, भिलाला व कोरकू वस्त्या आहेत. ताप हटला नाही की डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात. ते रक्त पुढे ज्याच्या हाती जाते, त्या तंत्रज्ञाचा विचार मात्र घरोघरी मुलांच्या भवितव्याची चर्चा करताना क्वचितच होतो.

या व्यवसायाची पहिली पायरी दहावीनंतरच्या विषयनिवडीत असते. पदविका असो वा पदवी, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय सामान्यतः आवश्यक ठरतात. जवळच्या महाविद्यालयात सोय नाही म्हणून दुसरी शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला ही वाट पुढे सहजी खुली होत नाही. पालकांनी व शिक्षकांनी हे त्याला वेळीच सांगावे.

जीवशास्त्राची आवड असणाऱ्यांना रसायनशास्त्र रुक्ष वाटते. परंतु सिकलसेल या आजाराचेच पाहा. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. आदिवासी भागांत हा आजार विशेष आढळतो, म्हणून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाली. विद्राव्यता चाचणी स्वस्त व झटपट आहे. पण व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी विद्युत-संचारणाची किंवा तत्सम पुढची तपासणी लागते. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा फरक न समजलेल्या तंत्रज्ञाचा अहवाल एखादे जुळत आलेले लग्न विनाकारण मोडू शकतो.

गणिताचेही तसेच. पांढऱ्या पेशी मोजताना रक्त २० पट पातळ करतात. मोजणीच्या काचेवरील कोपऱ्यांतील चार मोठे चौरस प्रत्येकी १ चौरस मिलिमीटर असतात व द्रवाची खोली ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे एकूण घनफळ ०.४ घन मिलिमीटर. चार चौरसांत १६० पेशी दिसल्या, तर १६० गुणिले २० भागिले ०.४, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये ८,००० पेशी. खोलीचे दशांश चिन्ह विसरले, तर उत्तर ८०० येते, आणि धडधाकट माणूस गंभीर आजारी ठरतो. आज यंत्रे ही मोजणी करतात; परंतु यंत्राने दिलेला आकडा संशयास्पद आहे, हे ओळखावयास हेच गणित उपयोगी पडते. सातवी-आठवीच्या शिक्षकांनी दशांश व गुणोत्तर शिकविताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. शाळेतील सूक्ष्मदर्शकही कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती द्यावा. काच फुटेल ही भीती खरी, पण न वापरलेल्या उपकरणाचा उपयोग काय?

तपासणीची एकच बाजू पाहून थांबू नये, हे शिकविणारे उदाहरण मुंबईचे आहे. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एक विरळा रक्तगट प्रसिद्ध केला. तो आज ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. या व्यक्तीच्या पेशी तपासल्या, तर रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु तिच्या रक्तजलात ‘ओ’ पेशींनाही विरोध करणारी प्रतिद्रव्ये असतात. साधे ‘ओ’ रक्त चढविल्यास जीव धोक्यात येतो. रक्तजलाची उलट तपासणी ‘ओ’ पेशींसह केली, तरच हा भेद उघड होतो.

प्रवेशाविषयी थोडेसे. पदविका साधारणतः दोन वर्षांची व पदवी तीन ते चार वर्षांची असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली असून वैद्यकीय प्रयोगशाळा शास्त्र त्यात समाविष्ट आहे. म्हणून संस्थेस व तिच्या अभ्यासक्रमास सक्षम परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी पाहावे. बऱ्हाणपूरच्या मराठी कुटुंबांना जळगाव-भुसावळ खंडव्याइतकेच जवळचे वाटते; तथापि शासकीय जागांसाठी कोणत्या राज्याचा अधिवास लागतो, याची चौकशी सीमा ओलांडण्याआधी करावी. संस्थेस संलग्न रुग्णालय आहे काय, आणि विद्यार्थ्यास दररोज किती नमुने प्रत्यक्ष हाताळावयास मिळतात, हेही तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.