थिंबल ओढून पाहा

नागपूरच्या दक्षिणेला बेसा गाव आहे. आता शहर गावापर्यंत आले आहे. तरी त्या भागात विहिरी आहेत, विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत. समजा, अशीच एक मोटार. काल चालत होती. आज बटण दाबले तर नुसती गुणगुणते. फिरत नाही.

शेतकरी म्हणतो, "मोटार गेली वाटते जी."

वायरमन आधी मेन स्विच बंद करतो. तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवतो. टेस्टर लावून खात्री करतो. मग स्टार्टरची पेटी उघडतो. आत तीन तारा असतात. प्रत्येक तारेच्या टोकाला थिंबल असते. कोणी त्याला लग म्हणतात. त्याची एक बाजू नळीसारखी, दुसरी चपटी. नळीत तार घालून ती पक्कडीने दाबतात. चपटा भाग स्क्रूखाली बसतो.

वायरमन एक तार ओढतो. थिंबल जागेवरच राहते, तार हातात येते!

"काकाजी, मोटार धड आहे. एक फेज सुटला होता. दोनच फेजवर बटण दाबून धरले असते, तर मोटार जळाली असती."

असे का झाले? दाब कमी पडला होता. सैल जोडातून वीज गेली की जोड तापतो. 5 अश्वशक्तीची मोटार चालताना दर तारेतून सुमारे साडेसात अँपिअर वीज घेते. सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. जोड तापतो, निवतो, आणखी सैल होतो. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. मोटार तर फिरतच असते ना!

म्हणून जोड पहिल्याच दिवशी पाहावा. थिंबल तारेच्या मापाचे हवे. मावत नाहीत म्हणून काही लोक तारेचे दोन-चार धागे कापून टाकतात. ते फार वाईट. सगळे धागे नळीत गेले पाहिजेत. तारेवरचे प्लॅस्टिक मात्र नळीत दाबले जाऊ नये. दाबाची खूण नळीच्या मधोमध हवी. साध्या पक्कडीने चेपलेली नळी वरून घट्ट दिसते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचे साधे थिंबल लावू नये.

मग तार धरून जोराने ओढा. थिंबल हलले किंवा फिरले तर कापून टाका. तेच पुन्हा दाबू नका, नवे घ्या. काही दिवसांनी वीज बंद करून पुन्हा पाहा. प्लॅस्टिक काळे पडले आहे का? जळका वास येतो का?

शेतकरी विचारतो, "अन् बाकीची दोन?"

वायरमन ओढून पाहतो. दुसरे पक्के निघते. तिसरे बोटाने फिरते.