बॅक्टेरिया व अमीबा : पाण्यांतील दोन सूक्ष्म जीव

“जंतु” हा शब्द आपण सर्व अदृश्य रोगकारक जीवांस सरसकट लावितों. परंतु त्यांत फार भिन्न जातींचे जीव येतात. ह्या पाठांत त्यांपैकीं दोहोंचा विचार करूं.

बॅक्टेरिया हा एकपेशीय जीव इतका लहान असतो कीं, एका मिलिमीटरांत त्यांचे शेंकडों एका ओळींत मावतात. त्याच्या पेशींत निराळें केंद्रक नसतें. अन्न तो आपल्या आवरणांतून शोषून घेतो. अमीबाहि एकपेशीयच, परंतु त्यास केंद्रक असतें, व तो बॅक्टेरियाहून पुष्कळ पटींनीं मोठा असतो. त्यास ठराविक आकार नाहीं. देहाचा एक भाग पुढें ढकलून तो सरकतो आणि अन्नास वेढून गिळतो. कित्येक अमीबा बॅक्टेरियांवरच उपजीविका करितात.

दोन्ही वर्गांत निरुपद्रवी जीवहि आहेत. दुधाचें दहीं बॅक्टेरियाच करितात. परंतु जानेवारी २०२५ मध्यें पुणें शहरांत, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या परिसरांत, गियाँ-बारे नामक मज्जातंतूंच्या विकारानें पुष्कळ लोकांच्या हातापायांतील शक्ति गेली, व कांहीं मृत्यु पावले. कित्येक रोग्यांच्या शौचांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा बॅक्टेरिया सांपडला, आणि दूषित पाण्याकडे लक्ष गेलें. हा विकार रोग्याच्या स्पर्शानें होत नाहीं. सबब अशा शेजाऱ्याच्या शुश्रूषेस कोणीं भिऊं नये.

आतां भेद जाणण्याचा उपयोग पाहा. आंव-रक्त पडणें हें बॅक्टेरियानेंहि होतें व अमीबानेंहि होतें. औषधें मात्र भिन्न आहेत. म्हणून घरांत उरलेल्या गोळ्या न देतां डॉक्टरांकडून शौच तपासून घ्यावें. दुसरें असें कीं, अमीबा शरीराबाहेर पडतांना स्वतःभोंवतीं चिवट कोष करितो. विहिरींत नेहमींच्या प्रमाणांत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीनें बहुतेक बॅक्टेरिया मरतात, पण हा कोष वांचूं शकतो. पाणी खळखळ उकळूं लागल्यावर निदान एक मिनिट तसेंच ठेविलें, तर दोहोंचाहि नाश होतो.

मात्र त्या पाण्यांत न धुतलेला हात बुडविला तर सर्व श्रम व्यर्थ होत. भांडें झांकावें, पाणी ओगराळ्यानें घ्यावें, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावे. उपदेशक बंधूंनीं हा पाठ येत्या सभेंत वाचून दाखवावा. आणि प्रथम आपल्याच घरचा माठ पाहावा. लेंकरांना शुद्ध पाणी देणें हीहि प्रीतीची सेवा होय.