सबवूफर घेताय? आधी खर्ज मोजा!

आपल्याकडे सबवूफर म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती मिरवणुकीतली ‘डॉल्बी’. डॉल्बी हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण सातारा-सांगलीत ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला ते कायमचं चिकटलंय. त्यामुळे घरी गाणी ऐकायला सबवूफर घ्यायचा तरी दुकानात पहिला प्रश्न ‘किती इंची?’ आणि दुसरा ‘किती वॉट?’ माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: आपण जे ऐकतो त्यातला सगळ्यात खालचा स्वर किती हर्ट्‌झचा आहे?

याचं उत्तर शोधायला सांगलीकराला लांब जावं लागत नाही. शेजारी मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झचा. तंबोऱ्याची शेवटची तार, म्हणजे खर्ज, त्याच्या निम्म्यावर: ६९.३ हर्ट्‌झ. बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज तर १०० च्या आसपास. म्हणजे रात्रभर ख्याल ऐकणाऱ्याला २० हर्ट्‌झपर्यंत जाणाऱ्या राक्षसी पेटीचा काडीचा उपयोग नाही!

त्यात आणखी एक गंमत आहे. जवारीमुळे तारेची बरीच ऊर्जा वरच्या स्वरांशांत जाते: १३९, २०८, २७७ वगैरे. भोपळा कितीही मोठा असला तरी ६९ हर्ट्‌झची लाट जोरात फेकायला तो लहानच पडतो. पण स्वरांश नीट ऐकू आले की मूळ स्वर आपला मेंदूच भरून काढतो. म्हणून फक्त गायन ऐकणाऱ्याने सबवूफरचे पैसे चांगल्या दोन स्पीकरांत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मिरजेशी घट्ट नातं असलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या जुन्या तबकड्यांत अगदी खालचं फारच थोडं उतरलंय. तिथे सबवूफर वाढवला तर तबकडीची घरघरच वाढणार.

डग्गा, पखवाज, सिनेसंगीतातलं बेस गिटार ऐकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१.२ हर्ट्‌झची. इथे सबवूफर लागतो, पण ४० पर्यंत स्वच्छ जाणारा पुरतो. याच्याखाली पैसे का वाढतात, ते फिजिक्समध्ये आहे. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. छोट्या पेटीवर ‘२० हर्ट्‌झ’ लिहिलेलं दिसलं तर किती डेसिबल घट धरून, ते विचारा. पीएमपीओचे हजारो वॉट वाचूच नका, आरएमएस विचारा.

पेटी बंद की भोकाची? भोकाची पेटी तेवढ्याच वॉटमध्ये जास्त घुमते, पण भोकाच्या ट्यूनिंगच्या खाली तिचा आवाज सप्तकाला २४ डेसिबलने पडतो. बंद पेटीचा १२ ने. शिवाय स्वस्त भोकाच्या पेटीत ठोका संपला तरी घुमणं चालू राहतं. दुकानात स्वतःचं गाणं घेऊन जा आणि डग्गा ऐका. तळहात सरकवून काढलेला घुमारा वर चढताना कळला पाहिजे. प्रत्येक ठोका सारखाच ‘धब्ब’ वाजत असेल तर नमस्कार करून बाहेर या.

आता खोली. साताऱ्याला आमची खोली १२ फूट लांब. ध्वनीचा वेग ३४३ मीटर धरला तर तिचा पहिला अनुनाद ४७ हर्ट्‌झवर येतो. म्हणजे भिंतीजवळ तो स्वर फुगतो आणि बरोबर मधे जवळजवळ गायब! उपाय बिनपैशाचा आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे सगळे स्वर सारखे वाटतील तिथे पेटी ठेवायची. मी हे करत असताना आईने ‘काय हरवलंय रे?’ म्हणून विचारलं, तो भाग सोडा. बऱ्याचदा कोपरा सगळ्यात जोरात वाजतो, पण सगळ्यात चांगला नसतो.

फ्लॅटवाल्यांनो, एक सांगायचं राहिलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती ए-वेटिंगने मोजलेली. ए-वेटिंग ५० हर्ट्‌झला तब्बल ३० डेसिबल कमी धरतं. मीटर खूश आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा जागे, असं होऊ शकतं. पेटीखाली जाड रबर घाला. त्याने हवेतला आवाज थांबत नाही, स्लॅबमधली थरथर तेवढी कमी होते. क्रॉसओव्हर ८० च्या आसपास ठेवून सुरुवात करा, आणि फेजचं बटण दोन्हीकडे फिरवून ज्या बाजूला डग्गा भरीव वाटेल तिथे सोडा.